सरकारी कार्यालयाची आगोट : सुरक्षा आणि आरोग्याची घडी कशी बसवावी

मे महिना लागला की कोकणातल्या घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, लगबग सुरू होते. सरपण पडवीत रचले जाते, मसाला कुटून होतो, सुकी मासळी डब्यात जाते, घर शाकारून होते. हीच माणसे सकाळी दहा वाजता कार्यालयात येतात. तिथे गेल्या पावसाळ्यात मेन स्विचच्या डोक्यावर गळत होते, त्याखाली यंदाही बादली ठेवायची का, याचा विचार मात्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होतो.

माझी निम्मी नोकरी उपविभागीय कार्यालयांच्या आस्थापना शाखेत गेली, शेवटची काही वर्षे एका नगरपरिषदेत. तिथे एक वायरमन दिवाबत्तीच्या खांबावरून पडला आणि त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. रजेच्या नोंदीत कारण लिहिले गेले ‘आजारपण’. ती नोंद माझ्या हातची. अपघात असे लिहिले असते तर चौकशी, अहवाल, वरून विचारणा, सगळेच मागे लागले असते. पुढच्या वर्षी तशाच खांबावरून दुसरा माणूस पडला. फायलीत बघावे तर आधी काही घडलेलेच नव्हते. म्हणून पुढे जे सांगतो त्यात कागदाला फार महत्त्व दिसेल. सरकारी कार्यालयात जे कागदावर येत नाही त्याला पैसा मिळत नाही, माणूस मिळत नाही आणि त्याची आठवणही राहत नाही.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

‘आपण काय कारखाना आहोत?’ हे वाक्य पहिल्याच बैठकीत ऐकू येते. खरे आहे, १९४८ चा कारखाने अधिनियम कार्यालयांसाठी नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही केंद्र आणि राज्य सरकारची कार्यालये वगळली आहेत. पण त्याच कलमात एक परंतुक आहे : सरकारी कार्यालयात कंत्राटदारामार्फत जे कामगार काम करतात, त्यांना संहिता लागू राहते. आज सफाई, पहारा, वाहनचालक, डेटा एंट्री, पंपचालक यांतली बरीच माणसे कंत्राटी आहेत. म्हणजे कारकुनाच्या खुर्चीला कायदा नाही आणि त्याच खोलीत लादी पुसणाऱ्या बाईंना आहे.

शिवाय महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. गटार आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, तीही त्याच वर्षीच्या कायद्याने. एवढे पाठ असले की ‘आपल्याला लागू नाही’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येते.

पहिली पायरी : आदेश

पोस्टर लावून किंवा ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेऊन सुरुवात करू नका. सुरुवात कार्यालयप्रमुखाच्या सहीच्या, जावक क्रमांक पडलेल्या एका पानी आदेशाने करा. त्यात नावे घालू नका, पदनामे घाला. आपल्याकडे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणजे नेमक्या आगोटीच्या दिवसांत. नावाने काढलेला आदेश माणसाबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो.

समिती सात जणांची पुरे : कार्यालयप्रमुख, एक अभियंता, भांडारपाल, आस्थापना लिपिक, एक महिला कर्मचारी, बाहेरचे काम करणाऱ्यांपैकी एक (मुकादम नको, प्रत्यक्ष फावडे धरणारा) आणि कंत्राटी कामगारांतला एक. शेवटचे नाव घालताना खळखळ होईल. तरी घालाच. कोणत्या झाकणाखाली वास येतो हे त्यालाच माहीत असते.

आदेशातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य साधारण असे असावे : ‘काम धोक्याचे वाटल्यास ते थांबवण्याचा अधिकार प्रत्यक्ष काम करणाऱ्यास राहील व त्याबद्दल त्याच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.’ मी हे वाक्य पहिल्यांदा टिप्पणीत मांडले तेव्हा साहेबांनी तांबड्या शाईने खाली विचारले, ‘मग काम कोण करणार?’ ते वाक्य आदेशात यायला दोन महिने गेले.

बैठक महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अर्धा तास, आणि साहेबांच्या केबिनमध्ये नको. भांडारात किंवा आवारात उभ्याने घ्या. इतिवृत्त एका पानाचे : काय, कोणी, कधीपर्यंत.

दुसरी पायरी : फेरी, तीही दोनदा

एक फेरी एप्रिलमध्ये आणि एक जुलैत, पाऊस धो धो लागलेला असताना. उन्हाळ्यात जी इमारत ठणठणीत दिसते तिचे खरे रूप जुलैत कळते. जिन्याच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, पागोळ्यांचे पाणी मीटरच्या पेटीवर उडते, रेकॉर्ड रूमच्या भिंतीला ओल येते.

किनाऱ्यावरच्या इमारतींचा मुख्य शत्रू खारा वारा. स्लॅबमधली सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. छताला तांबूस डाग आणि बारीक लांबट भेग दिसली तर रंग मारून झाकू नका. त्याखालचे टेबल त्याच दिवशी हलवा, दोरी बांधा आणि संरचनात्मक तपासणीचा प्रस्ताव करा. जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारणा करता येते. हीच नजर एसीच्या बाहेरच्या युनिटच्या ब्रॅकेटवर, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर आणि गच्चीच्या कठड्यावर टाका.

सिमेंटच्या पत्र्यांची शेड जवळजवळ प्रत्येक आवारात असते. गळती काढायला कोणीतरी त्यावर चढते, पत्रा तुटतो आणि माणूस सरळ लादीवर येतो. पत्रा वरून मजबूत दिसतो, विशेषतः शेवाळाने काळा पडल्यावर. नियम साधा ठेवा : पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. शक्य ते काम खालून, परांचीवरून. वर जावेच लागले तर वाश्यांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकून, सुरक्षापट्टा अडकवून. आणि पाऊस पडत असताना अजिबात नाही, मग खाली कितीही गळो.

फेरीला जाताना ज्या खोलीत जो काम करतो त्याला सोबत घ्या आणि एकच प्रश्न विचारा : ‘इथे तुला कशाची भीती वाटते?’ उत्तर यायला वेळ लागतो. पहिल्या खेपेला सगळे म्हणतात, ‘काय नाय साहेब, बरा आसा.’ दुसऱ्या खेपेला बोलतात.

तिसरी पायरी : कामांची यादी आणि क्रम

धोक्यांची यादी खोलीप्रमाणे करण्यापेक्षा कामाप्रमाणे करा : खांबावर चढणे, टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर) मिसळणे, टाकी धुणे, झाड तोडणे, पंचनाम्याला जाणे, रात्री घाटात दरड बघायला जाणे, दिवसभर संगणकावर बसणे. प्रत्येकापुढे दोन आकडे : किती वेळा होते (१ ते ३) आणि चुकले तर काय होईल (१ ते ३). गुणाकार ६ किंवा ९ आला की ते काम या आगोटीत. मात्र जिथे माणूस मरू शकतो ते काम वर्षातून एकदाच होत असले तरी यादीत वरच ठेवा.

उपाय शोधताना हातमोजे-बूट सगळ्यांत शेवटी आठवावेत. आधी ते काम टाळता येते का, मग बदलता येते का, मग आड काही घालता येते का, मग पद्धत बदलता येते का, आणि उरलेल्या धोक्यासाठी साधने. टीसीएल पावडरचेच बघा. बहुतेक ठिकाणी पोती ओल्या जमिनीवर, शेजारी फॉगिंग मशीनचे पेट्रोल-डिझेल, कोपऱ्यात संडास धुण्याच्या ॲसिडच्या बाटल्या. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तेलाशी गाठ पडली तर आग लागू शकते. मास्क वाटून हा प्रश्न सुटत नाही, साध्या कापडी मास्कमधून वायू आरपार जातो. साठाच कमी करा. दमट हवेत पावडरचा जोर तसाही उतरतो, वर्षाची खरेदी मार्चअखेर उरकून निम्मी फुकट जाते. पोती लाकडी फळ्यांवर, स्वतंत्र आणि हवा खेळत्या खोलीत ठेवा. तेल आणि ॲसिडला दुसरी खोली, दुसरे कुलूप. मिसळताना पाण्यात पावडर टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचे नाही. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे आणि दाराबाहेर चालू स्थितीतला नळ.

वीज

जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगले लागत नाही, आणि खाऱ्या वाऱ्याने पट्टी गंजून तुटते. अर्थिंगचे मोजमाप एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना करून घ्या. पावसात आकडा नेहमीच बरा येतो, तो खोटा दिलासा. प्रत्येक बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा आणि त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला हवे. पावसाळ्यात ओलीने तो सारखा पडतो म्हणून वायरमनकडून तो बायपास करून घेण्याची चाल आहे. ज्या कार्यालयात बायपास सापडेल तिथे वायरमनला धरण्याआधी ते करायला कोणी सांगितले ते विचारा.

दिवाबत्तीच्या कामात महावितरणचा शटडाऊन लेखी परमिट घेऊनच. फोनवर ‘बंद केलाय’ ऐकून चढायचे नाही. लाइन बंद असली तरी कुणाच्या घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीमुळे उलटी वीज सोडू शकतो, म्हणून टेस्टरने बघून, तारा अर्थ करून मगच हात लावायचा. शिडी लाकडाची किंवा फायबरची. उंचीच्या चौथ्या भागाइतका शिडीचा पाय खांबापासून लांब, आणि खाली धरायला दुसरा माणूस. पट्टा आयएस ३५२१, हेल्मेट आयएस २९२५, बूट आयएस १५२९८ असे मानांक खरेदीच्या मागणीपत्रातच लिहा, नाहीतर सर्वांत स्वस्त निविदेतून खेळण्यातले हेल्मेट येते. बायकांच्या मापाचे बूट मागवायचे विसरू नका. सफाईत निम्म्या बाया आणि सगळे बूट नऊ नंबरचे, हे मी पाहिले आहे.

बंद जागा : इथे घाई नको

विहीर, जॅकवेल (पाणीपुरवठ्याची उपसा विहीर), व्हॉल्व्हचे चेंबर, सेप्टिक टाकी. गाळ काढण्याची कामे मेमध्येच असतात. विहिरीत कंदील सोडून बघण्याची जुनी रीत फार तर हवा कोंदली आहे की नाही एवढे सांगते, विषारी वायू सांगत नाही. सेप्टिक टाकीतला हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. वायूमापक भाड्याने मिळतो, तो घ्या. हवेतला प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. १९.५ च्या खाली असेल तर कोणी आत जायचे नाही. झाकण आधी उघडून ठेवायचे, ब्लोअर लावायचा, तिपाई (ट्रायपॉड) आणि पट्टा लावून दोर वर दुसऱ्याच्या हातात द्यायचा. डिझेल पंप आत उतरवायचा नाही, त्याच्या धुराने माणूस मरतो.

आतला माणूस कोसळला तर वरच्याने उडी मारायची नाही. एकाच्या मागे दुसरा जातो तो असाच. दोराने ओढा, अग्निशमन दलाला बोलवा.

गटार-सेप्टिक टाकीसाठी तर नियम सरळ आहे : यंत्राने उपसा, माणूस नको. अशा मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली. साहेब सुरक्षेच्या टिप्पणीवर ‘निधी उपलब्ध नाही’ लिहीत असतील तर ही ओळ टिप्पणीत जरूर घाला.

बाहेरची कामे

लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) भातशेतीपुरता आहे असे समजू नका, गटारात हात घालणाऱ्या प्रत्येकाला तो गाठू शकतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या भेगांतून आत शिरते. गमबूट, हातमोजे, जखमेवर जलाभेद्य पट्टी आणि काम संपल्यावर साबणाने हातपाय धुण्याची सोय. पुराच्या सफाईआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देऊन डॉक्सिसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा, गोळ्या त्यांच्या सल्ल्यानेच द्या. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही दिसले की हजेरी राहू दे, माणसाला दवाखान्यात पाठवा आणि तो कुठे काम करतो हे डॉक्टरांना सांगायला लावा.

कातळसड्यावर मोजणी किंवा पंचनाम्याला जाणाऱ्यांना फुरसे भेटते. लहानसा साप, पण रत्नागिरी जिल्ह्यात त्याने माणसे नेली आहेत. दंश झाल्यावर दोरी आवळून बांधणे, चिरा देणे, चोखणे यांतले काही करायचे नाही. हातपाय न हलवता १०८ ला फोन, आणि प्रतिसर्पविष जिथे आहे तिथे थेट. कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष शिल्लक आहे ही चौकशी जूनच्या पहिल्या आठवड्यात करून भिंतीवर लिहून ठेवा. विंचवासाठी बूट घालण्याआधी झटका. दोडामार्गच्या जंगलभागात फिरणाऱ्यांनी गोचिडांपासून सांभाळावे, माकडताप त्यांच्या चाव्यातून होतो. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप प्रत्येक मुकादमाच्या फोनवर हवे.

वादळानंतरची कामे वेगळीच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगडात झाडे आणि विजेच्या तारा एकमेकांत गुंतून पडल्या होत्या. अशा झाडाला करवत लावण्याआधी महावितरणचा माणूस जागेवर हवा. ताणात अडकलेली फांदी कापताच उसळते, म्हणून चेनसॉ शिकलेल्याच्याच हातात.

पूर आणि रात्रपाळी

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा एसटी आगारातले कर्मचारी तिकिटांची रोकड घेऊन कित्येक तास बसच्या टपावर बसून होते. त्यांच्या निष्ठेचे कौतुक झाले, आणि व्हायलाच हवे. पण तुमच्या कार्यालयाच्या आदेशात असे लिहा की पाणी इशारा पातळीला आले की रोकड, सर्व्हर आणि महत्त्वाच्या नस्त्या (फायली) वरच्या मजल्यावर जातील, धोका पातळीच्या आधी माणसे निघतील आणि मागे राहिलेल्या कागदांबद्दल कोणालाही जबाबदार धरले जाणार नाही. हे लिहिलेले नसेल तर कारकून पाण्यात उभा राहून कपाट राखतो, कारण हरवलेल्या नस्तीची चौकशी त्याने आयुष्यभर पाहिलेली असते.

जनरेटर तळमजल्याच्या बंद खोलीत ठेवू नका. पुरात तो पहिला जातो आणि चालू असला तर त्याचा धूर खोलीत साठतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला. पुलावर, साकवावर पाणी बघायला रात्री एकट्या मैलमजुराला (रस्त्याच्या देखभालीवरच्या मजुराला) पाठवायचे नाही. दोघे, टॉर्च, चमकणारे जॅकेट, आणि परत आल्याचा फोन. दिवसभर गाडी चालवलेल्या चालकाला रात्री कशेडी किंवा परशुराम घाटात दरडीवर पाठवायचे असेल तर दुसरा चालक द्या. नसेल तर साहेबांनी सकाळी जावे.

आतली माणसे

आगीचे थोडक्यात. मंत्रालय २१ जून २०१२ ला जळाले, म्हणजे कागदाने भरलेल्या इमारतीला आग कशी घेते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जिन्याखालचे जुने रेकॉर्ड निंदणीकरण करून (नको ते कागद छाटून) हलवा, मागचे दार कुलूपमुक्त ठेवा, परवानाधारक यंत्रणेचे प्रपत्र ब (आगीची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत घ्या. अग्निशामक भिंतीला टांगलेले असते, पण पिन काढून ज्वाळेच्या मुळाशी फवारा मारायचा हे कितीजणांनी हाताने केले आहे? मुदत संपत आलेली नळकांडी परत भरायला देण्याआधी आवारात शिपायापासून सगळ्यांना एकेकदा वापरू द्या. खर्च शून्य.

महिलांसाठी कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह हा आरोग्याचाच विषय आहे. ते नसेल तर बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. वर्षातून एकदा रक्तदाब-साखरेचे शिबीर घ्या, त्यात कंत्राटी माणसेही घ्या.

ठेकेदार

‘सर्व सुरक्षा साधने दरात समाविष्ट’ अशी अट असली की साधने येत नाहीत. अंदाजपत्रकात सुरक्षेची स्वतंत्र बाब घाला, नगाप्रमाणे मोजा, मोजमाप पुस्तकात नोंदवा आणि तेवढ्याचेच देयक द्या. कामगारांचे राज्य विमा आणि भविष्य निर्वाह निधीचे चलन देयकाला जोडलेले नसेल तर देयक थांबवा. ठेकेदाराच्या माणसाला लागले की ‘तो आमचा नाही’ म्हणणे सोपे असते. काम तुमचे, आवार तुमचे.

नोंदवही आणि हस्तांतर

अपघाताची नोंदवही आवक-जावकच्या टेबलावर उघडी ठेवा. तिचे दोन भाग : लागले ते, आणि थोडक्यात वाचले ते. दुसरा भाग जास्त मोलाचा आहे, आणि तो भरायचा असेल तर नोंद करणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळता कामा नये. पहिली नोंद कार्यालयप्रमुखाने स्वतःच्या घसरण्याची केली तर बाकीचे लिहू लागतात. कारणाच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द बंद करा. शिडी कुणी धरली होती, परमिट होते का, बूट कुठे होते, हे लिहा.

साहेबांची बदली झाली की कार्यभार हस्तांतराच्या यादीत हेही द्या : नोंदवही, परमिटची वही, प्रपत्र ब, अर्थिंगचे आकडे, टीसीएल खोलीच्या किल्ल्या आणि अपूर्ण राहिलेल्या बाबी. नवे साहेब रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात त्यांना गच्चीपर्यंत घेऊन जा. वरच्या वळणावरचा कठडा हलतो, त्याला धरू नका असे सांगा, आणि त्या कठड्याच्या दुरुस्तीची टिप्पणी त्याच दुपारी सहीला ठेवा.